नॉक-ऑफ चाकांचा मधला नट सैल होतोय: एमजीबी, मागचं डावं चाक

माळरान (लेस्टर)

नमस्कार मंडळी.

हिवाळ्यात एक जुनी एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची छोटी गाडी) घेतली, १९६६ची. चारही चाकं स्पोकची, प्रत्येकी ६० स्पोक, मधोमध दोन कानांचा (बाहेर आलेल्या पात्यांचा) एकच मोठा नट, म्हणजे नॉक-ऑफ. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या चाकांना चार-पाच बोल्ट नसतात. गाडीच्या हबवर (चाक ज्या मधल्या भागावर बसतं त्यावर) उभे दाते असतात, चाकाच्या पोटातही तसेच दाते. चाक त्यावर सरकवायचं आणि नट तांब्याच्या हातोड्यानं कानावर ठोकून आवळायचा. इंजिनाची ओढ आणि मागच्या ब्रेकचा जोर दात्यांतून जातो, नट चाकाला जागेवर धरून ठेवतो.

माझी अडचण मागच्या डाव्या चाकाची आहे. गाडी फिरवून आणली की त्या नटाला हातोडा लावतो, आणि दर वेळी कान थोडा घेतोच, म्हणजे आणखी आवळला जातो. बाकीचे तीन नट जिथल्या तिथे. शिवाय गल्लीतून हळू निघताना त्या चाकातून बारीक टिक-टिक येते, वेग घेतला की ऐकू येत नाही.

आणखी जोरात ठोकू का? नट तारेनं बांधू का? आट्यांना चिकटवणारं औषध लावू का? शेजारच्या सीटवर लेक बसते, त्यामुळे खात्री होईपर्यंत मोटरवेवर जाणार नाही.

एडिसनकर

माळरान, तार बांधायची पद्धत आहे. शर्यतीच्या जुन्या गाड्यांत नटाच्या कानाला भोक पाडून ती तार स्पोकला पिळून बांधलेली दिसते. पण तारेनं एवढंच होतं की नट गळून पडत नाही. आतलं चाक हलत असेल तर ते हलतच राहणार. आट्यांना औषध तर अजिबात नको. रस्त्यात पंक्चर झालं तर नट सुटायचा नाही.

नेमकं निदान कोव्हेंट्रीकर करतील, त्यांची वाट बघा.

कोव्हेंट्रीकर

आलो. माळरान, तूर्त हातोडा बाजूला ठेवा आणि गाडी उभी करा. टिक-टिक आणि दर फेरीला कान घेणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र असली की चाक हबवर हलतंय असं समजायचं.

आधी हे चाक धरतं कशावर ते बघू. चाकाच्या मधल्या नळीला दोन्ही टोकांना उतार दिलेला असतो. आतल्या टोकाचा उतार गाडीच्या हबच्या मुळाशी असलेल्या शंकूवर बसतो. बाहेरच्या टोकाचा उतार नटाच्या तोंडात शिरतो, नटाला आतून तसाच उतार असतो. नट आवळला की चाक या दोन बैठकांमध्ये चिमटलं जातं. दोन्ही बैठका सगळ्या घेरात धातूला धातू लागून बसल्या की चाक आणि हब एकजीव. मग दात्यांना फक्त फिरवण्याचं काम उरतं. बैठक कुठे अधांतरी राहिली तर गाडीचं वजन दात्यांवर येतं, आणि ते काम त्यांचं नाही.

आता दिशा. चालकाच्या जागी बसल्यावर जी डावी बाजू, तिकडे सुलटे आटे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला आवळणारे). उजवीकडे उलटे. लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे कान वरच्या बाजूला आणायचा. तो गाडीच्या मागच्या दिशेला ठोकला की घट्ट, पुढच्या दिशेला ठोकला की सैल. दोन्ही बाजूंना हेच. बहुतेक नटांवर सोडवायच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, पण बाणावर विसंबू नका. जुन्या गाडीत डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलेला मी पाहिला आहे. बाण त्यातही नटाशी जुळतो, फक्त गाडीशी जुळत नाही.

म्हणून पहिली तपासणी अशी. चाक जॅकवर घेऊन नट नीट आवळा. नटावर आणि चाकाच्या नळीवर मिळून एक पांढरी रेघ मारा. घराच्या आसपास सावकाश एक चक्कर मारून या आणि हातोडा न लावता रेघ बघा. नट आपोआप सरकला असेल तर कोणत्या दिशेला, ते इथे लिहा. सैल होण्याच्या दिशेला सरकला असेल तर हबची अदलाबदल झालेली आहे. मग गाडी टो करून न्यायची, चालवत नाही. घट्ट होण्याच्या दिशेला सरकला असेल तर हब बरोबर आहेत आणि दुखणं बैठकीत आहे.

सायकलवेडी (पुणे)

माझ्याकडे अशी गाडी नाही, पण धागा फार आवडला, म्हणून विचारते. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, उजव्याला सुलटे, कारण नाहीतर पायडल चालवता चालवता सुटेल. मग या गाडीत डाव्या बाजूला सुलटे कसे? नेमकं उलट झालं की. आणि ब्रेक मारला की चाक थांबतं, नट मात्र पुढे फिरू बघणार. तुम्ही सांगता त्या नियमाने तर तो सैलच होईल.

कोव्हेंट्रीकर

सायकलवेडी, फार नेमका प्रश्न. इथे भलेभले अडतात, म्हणून सविस्तर सांगतो.

ब्रेकचं आधी. नटाचं वजन किरकोळ, त्याची स्वतःची पुढे फिरायची ओढ आवळलेल्या आट्यांच्या घर्षणापुढे काहीच नाही. नट सरकतो तो गाडीच्या वजनामुळे.

बोटात एक सैल कडं घाला आणि बोट गोल गोल फिरवा. कडं बोटाभोवती लोळतं. कड्याचा घेर बोटापेक्षा मोठा, म्हणून दर फेऱ्याला कडं बोटावर थोडं सरकत जातं. आता बोटाच्या जागी चाकाचा बाहेरचा उतार समजा आणि कड्याच्या जागी नट. नट बाहेरून चाकावर बसलेला आहे. दोघांत केसभर जरी फट असेल तरी नटाचा घेर चाकाच्या उताराच्या घेरापेक्षा थोडा मोठा होतो. गाडीचं वजन नटाला वरून चाकावर दाबतं, त्यामुळे दोघांचा स्पर्श वरच्या बाजूला. चाक पुढे फिरतं तसा नट त्यावर लोळत येतो. चाकाचा एक फेरा पुरा होतो तेव्हा नटाचा फेरा किंचित अपुरा राहिलेला असतो. म्हणजे चाकाच्या हिशेबात नट मागे मागे सरकतो. मागे म्हणजे आपल्या नियमाने घट्ट.

पायडलमध्ये उलटं आहे. तिथे आट्यांचा दांडा क्रँकच्या भोकाच्या आत बसतो. आतली वस्तू बाहेरच्या भोकात लोळली की उलट दिशेला सरकते. त्यामुळे डाव्या पायडलला उलटे आटे आणि या गाडीच्या डाव्या नटाला सुलटे, दोन्ही बरोबर.

हा सगळा विचार रज-व्हिटवर्थ या कंपनीच्या जॉन पघ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडला. कंपनी इथलीच, कोव्हेंट्रीची, आणि तिचा मूळ धंदा सायकलींचा. त्या काळी मोटारीचं चाक गाडीलाच पक्कं असे. टायर फुटला की रस्त्यात बसून तिथल्या तिथे टायर उचकटायचा. पघ यांच्या चाकामुळे सगळं चाकच झटक्यात बदलता येऊ लागलं. १९०८च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये अशी सुटी चाकं चालणार नाहीत असं आयोजकांनी ठरवलं आणि नेपियरच्या गाड्या त्या शर्यतीत उतरल्याच नाहीत. पुढे काही वर्षांतच शर्यतीतल्या गाड्यांवर हीच चाकं दिसू लागली. एमजी, जग्वार, ऑस्टिन-हीली, ॲस्टन मार्टिन, सगळ्यांनी तीच पद्धत घेतली. इटलीतली बोरानीची चाकंही त्याच घराण्यातली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. नट आपोआप घट्ट होतो तो फट असेल तरच. पुरा आवळलेला नट लोळत नाही, त्याला जागाच नसते. 'आपोआप आवळतो, मग कशाला ठोकायचं' असं म्हणणारे भेटतात. तो आपोआप आवळत असेल तेव्हा चाक आधीच दात्यांवर आदळायला लागलेलं असतं.

सायकलवेडी (पुणे)

कड्याचं करून पाहिलं. अगदी तसंच होतं! खूप आभार. आता धागा शेवटपर्यंत वाचणार.

लेथवाला (कोल्हापूर)

कोव्हेंट्रीकरांनी दिशा सांगितली, मी बैठकीचं सांगतो. आमच्या शॉपवर जुन्या एमजी टीसीचे नट येतात. टीसी म्हणजे १९ इंची उंच चाकांची गाडी, १९४५ ते ४९ बनली. मूळ नट हरवलेला असतो नाहीतर कान ठोकून ठोकून चपटे झालेले असतात, मग मालक म्हणतात नवा काढून द्या.

आटे काढणं सोपं आहे. इंचाला किती आटे ते गेजनं मोजायचं आणि कापायचं. तेवढं मात्र मोजायलाच हवं, कारण या गाड्यांत काही हबना इंचाला १२ आटे असतात, काहींना ८. एमजीबीतच दोन्ही प्रकार आले आहेत. १२चा नट ८च्या हबवर एखादा फेरा धरल्यासारखा वाटतो आणि आटे खाऊन टाकतो. पहिले तीन-चार फेरे हातानं, बोटांच्या जोरावर फिरले पाहिजेत. तिथे पाना किंवा हातोडा लागला तर थांबायचं.

खरी कलाकारी नटाच्या आतल्या उतारात आहे. तो कोन एका अंशानं जरी चुकला तर नट चाकाला पूर्ण घेरात न धरता एका कडेवर धरतो. बघताना नट घट्टच वाटतो. गाडी चालली की ती बारीक कड दबते आणि सैलपणा येतो. तुमच्यासारखंच लक्षण.

तपासायची रीत: चाकाच्या बाहेरच्या उतारावर मार्किंग ब्ल्यू (धातू कुठे टेकतो ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ पुसायचा. नसेल तर काजळी थोड्या तेलात कालवून चालते, आम्ही तीच वापरतो. नट हातानं बसवून हलका आवळायचा, सोडवायचा आणि नटाच्या आत बघायचं. रंग सगळ्या घेरात आणि उताराच्या बऱ्याच रुंदीवर उमटला तर बैठक चांगली. नुसती एक बारीक रेघ उमटली तर कोन चुकलाय. अर्ध्याच घेरात उमटला तर नट किंवा चाकाची नळी वाकडी आहे. तसंच आतल्या बैठकीचंही करायचं, हबच्या शंकूला रंग लावून चाक सरकवायचं.

अजून एक बघा. नट पूर्ण आवळल्यावर त्याचा आतला तळ हबच्या टोकाला टेकत नाही ना? टेकत असेल तर नट हबवर आवळला जातो, चाकावर नाही. हातोड्याला ठणठणीत लागतं आणि चाक मात्र मोकळं. झिजलेल्या चाकात हे हमखास होतं, कारण उतार झिजला की चाक आत सरकतं.

एडिसनकर

लेथवाला, हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

इकडची, अमेरिकेतली एक बाजू सांगतो. माझ्या ओळखीत एक १९६५ची कॉर्व्हेट आहे. १९६४ ते १९६६ च्या कॉर्व्हेटला केल्सी-हेजची ॲल्युमिनियमची नॉक-ऑफ चाकं जादा पैसे देऊन मिळत. पण त्या गाडीचा मूळ हब पाच बोल्टांचाच. त्यावर एक ॲडॅप्टर बसतो आणि ॲडॅप्टरवर हे चाक. म्हणजे सांधे दोन झाले. बाहेरचा मोठा नट सगळ्यांना दिसतो, आतले पाच नट चाकामागे लपलेले. लोक वर्षानुवर्षं बाहेरचा ठोकत राहतात आणि आतले कुणी टॉर्क रेंचनं (किती आवळलंय ते मोजणाऱ्या पान्यानं) बघतच नाही. साध्या चाकांच्या गाडीवर ॲडॅप्टर टाकून स्पोकची चाकं बसवलेली असतील त्या प्रत्येकाला हे लागू आहे. चाक काढाल तेव्हा आतले नटही तपासा. त्या ठिकाणी बुटके नट लागतात. मूळ लांब नट किंवा लांब राहिलेला स्टड चाकाच्या पाठीला टेकला तर चाक पुरतं आत जात नाही.

ॲडॅप्टरही डावे-उजवे वेगळे असतात, ते जपून.

अनघा (श्टुटगार्ट)

आमच्याकडे जर्मनीत कानांचे नट त्या काळीच नको म्हटलं होतं. बाहेर आलेले कान पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला लागतात म्हणून. जर्मनीत विकलेल्या एमजीबीला आठ कोनांचा बिनकानाचा नट येई. अमेरिकेत १ जानेवारी १९६८पासून नव्या गाड्यांवर कानांच्या नटांना बंदी आली, त्यामुळे तिथे जाणाऱ्या जग्वार ई-टाइपचेही कान गेले. एडिसनकर, तुमच्या कॉर्व्हेटनं १९६७लाच नॉक-ऑफ सोडून बोल्टचं चाक घेतलं, ते त्याच सुमारास.

मी आठ कोनांचाच नट वापरते आणि सुचवेनही. त्याला जाड गोल पाना येतो, तो नटावर पूर्ण बसवायचा आणि पान्याच्या दांड्यावर ठोकायचं. नटाला हातोडा लागतच नाही. कान वाकत नाहीत, क्रोम उडत नाही, आणि नेम चुकून स्पोकवर घाव बसत नाही. ज्यांना कानच हवेत त्यांनी जाड लाकडी फळीत कानांच्या आकाराची खाच कापून तिला लांब दांडा जोडावा. इकडे क्लबातले बरेच जण तेच करतात. शरीराचं वजन टाकून आवळता येतं, धक्के बसत नाहीत.

माळरान (लेस्टर)

सगळ्यांचे मनापासून आभार. केलेल्या तपासण्या लिहितो.

रेघ मारून घराभोवती सावकाश फिरवून आणली. रेघ सरकली आहे, आणि घट्ट होण्याच्या दिशेला. म्हणजे डावीकडे डावाच हब आहे. उजवीकडचे आटेही बघितले, उलटेच आहेत.

मग चाक काढलं. दात्यांच्या मुळाशी थोडी लालसर पूड होती. चाकाच्या बाहेरच्या उतारावर चंदेरी पावडर कोटिंग आहे! आतल्या उतारावरही. आधीच्या मालकानं चाकं कुठल्याशा कारखान्यातून रंगवून आणली होती, तिथे सगळ्या चाकावर सरसकट मारलेलं दिसतंय. बाकी तीन चाकांच्या उतारांवर रंग नाही, उघडं लोखंड आहे. नटाच्या आत या रंगाचे चपटे पापुद्रे चिकटलेले मिळाले.

हब खराब झाला असेल का? दाते कसे असायला हवेत तेही सांगा.

कोव्हेंट्रीकर

सापडलं. पावडर कोटिंग हा नॉक-ऑफ चाकांचा सगळ्यात मोठा वैरी आहे असं मी म्हणेन. त्याचा थर साध्या रंगापेक्षा जाड असतो आणि तो प्लास्टिकच आहे. नट आवळला तेव्हा तुम्ही चाक आवळलं नाहीत, प्लास्टिक आवळलंत. गाडी चालली, ते दबलं, फट पडली. पुन्हा ठोकलं, पुन्हा दबलं. त्या फटीत नट लोळला आणि स्वतः घट्ट होत गेला. रेघ त्याच दिशेला सरकली ती यामुळेच. जाड क्रोम केलेल्या नव्या चाकांतही थोडं असं होतं. उतारावरचं क्रोम पहिल्या काही मैलांत बसतं किंवा उडतं, म्हणून नव्या चाकांना पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

उपाय: दोन्ही उतार आणि दाते पूर्ण साफ करा. रंग काढायचं रसायन वापरा. ग्राइंडर किंवा खरखरीत कागद उताराला लावू नका, नाहीतर लेथवाल्यांनी सांगितलेला कोन बिघडेल. मग ब्ल्यू लावून बघा.

आता दाते. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, दोन्ही बाजू सारख्या. झिजलेला दाता टोकदार होतो आणि एका बाजूला कलतो, शार्कच्या दातासारखा. मोटारवाले तेच नाव वापरतात. बोटाचं नख दात्याच्या बाजूवरून ओढा, पायरी लागली तर झीज आहे. लाल पूड म्हणजे लोखंड लोखंडावर घासून गंजलंय. ती थोडी असणं आणि दात्याला पायरी पडणं यात फरक आहे, तुमच्याकडे वेळेत हाती लागलं असावं.

चाक बसवल्यावरही बघा. गाडी स्टँडवर, मागची चाकं अधांतरी, कुणीतरी ब्रेकवर पाय घट्ट दाबून धरायचा. तुम्ही टायर दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. नट किंचित सैल ठेवून केलंत तर दात्यांचा प्ले (मोकळी हालचाल) हाताला कळतो. नट आवळल्यावर काहीच हलता कामा नये. कळण्याइतका प्ले असेल तर चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात. जुन्या हबवर नवं चाक घातलं तर जुने दाते नव्याला खाऊन टाकतात. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

लेथवाला (कोल्हापूर)

पूर्ण सहमत. एक भर घालतो: हब घ्याल तर मापही बघा. रज पद्धतीचे हब वेगवेगळ्या मापांत येतात. एमजीला ४२ मि.मी. जातीचा, जग्वारला ५२चा. नुसतं 'स्पोकच्या चाकाचा हब' म्हणून ऑनलाइन मागवू नका.

बोरीबंदर

ग्रीस लावायचं की नाही? दोन्ही मतं ऐकली आहेत. आमचे मुंबईचे मिस्त्री म्हणतात भरपूर ग्रीस, म्हणजे चाक अडकून बसत नाही. क्लबातले एक काका म्हणतात कोरडंच ठेवा, नाहीतर सुटेल.

अनघा (श्टुटगार्ट)

बोरीबंदर, दात्यांना ग्रीस हवंच. लाल पूड होते ती कोरड्या दात्यांत. पण पातळ, ब्रशनं पुसल्यासारखं. मिस्त्री म्हणतात तसं भरपूर लावलं तर चाक फिरताना ते बाहेर उडतं आणि ड्रममध्ये किंवा डिस्कवर जातं. ब्रेकवर ग्रीस म्हणजे दुसरं संकट. आट्यांनाही पातळ थर.

उतारांबाबत मात्र मतभेद आहेत. मी दोन्ही उतारांना तेलाचं बोट फिरवते, त्यापेक्षा जास्त नाही. त्यामुळे नट शेवटपर्यंत आवळला जातो, मध्येच चरचरत अडकत नाही.

कोव्हेंट्रीकर

मी उतारांनाही दात्यांना लावतो तेच ग्रीस अगदी पातळ लावतो. अनघाताईंचं तेलही चालेल. कोरडं ठेवू नका. कोरड्या उतारावर नट अर्ध्यातच 'घट्ट' वाटतो, आणि वर्षभरानं काढायला गेलं तर गंजून बसलेला असतो.

अनघा (श्टुटगार्ट)

मला एका गोष्टीत कोव्हेंट्रीकरांचं मत हवंय. शेवटचे घाव चाक हवेत असताना घालता की जमिनीवर?

कोव्हेंट्रीकर

हवेत. चाक जमिनीवर असलं की गाडीचं वजन हबला खाली ओढतं आणि चाक उतारावर मधोमध बसत नाही. म्हणून आधी हवेत हातानं नट बसवायचा, चाक जरा हलवत फिरवत आवळायचं म्हणजे ते आपली जागा घेतं, मग हातोडा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून ठोकू नका, स्टँड लावा. पुढच्या चाकाला कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो, मागच्याला हँडब्रेक पुरतो.

किती ठोकायचं ते कानानं कळतं. सुरुवातीचे घाव बद्द वाजतात आणि कान दर घावाला सरकतो. मग आवाज खणखणीत होतो आणि कान हलत नाही. तिथे थांबायचं. त्यापुढचे घाव नट, स्पोक आणि बेअरिंग यांच्या जिवावर. गाडी खाली घेतल्यावर मी एक घाव घालून बघतो. नट त्यात स्पष्ट सरकला तर पुन्हा जॅकवर घेतो, जमिनीवर आवळत बसत नाही.

हातोडा तांब्याचा, शिशाचा किंवा कच्च्या चामड्याचा. लोखंडी कधीच नाही.

माळरान (लेस्टर)

रंग काढला. रसायनानं दोन्ही उतार आणि दाते उघडे केले. दात्यांचे माथे सपाट आहेत, नखाला पायरी लागत नाही. 'वेळेत हाती लागलं असावं' हे वाचून फार हायसं वाटलं होतं, प्रत्यक्ष बघून आणखी वाटलं.

मार्किंग ब्ल्यू लावला. नटाच्या आत रंग सगळ्या घेरात उमटला, फक्त एका ठिकाणी अंगठ्याएवढी जागा कोरी. आतल्या बैठकीवर सगळीकडे उमटला. नटाचा तळ हबच्या टोकाला टेकत नाही, हबच्या टोकाला मातीचा गोळा लावून आवळून पाहिलं, माती जाड राहिली.

ती कोरी जागा चालेल का?

लेथवाला (कोल्हापूर)

ती जागा चाकावर आहे की नटात, ते आधी बघा. नट दुसऱ्या चाकावर लावून ब्ल्यू घ्या. जागा नटाबरोबर आली तर नटाला जुना घाव लागून आत फुगवटा किंवा खड्डा पडलाय, नट बदला. चाकाबरोबर राहिली तर चाकाच्या उतारावर कुठेतरी रंगाचा तुकडा किंवा ओरखडा आहे. तेवढ्या जागेनं बिघडत नाही, बाकी घेर धरतोय.

माळरान (लेस्टर)

चाकाबरोबर राहिली. भिंग घेऊन बघितलं तर रंगाचा पातळ पापुद्रा राहिला होता, तो काढला. आता पूर्ण घेर निळा.

ग्रीस पातळ लावलं, हवेत आवळलं, खणखणीत आवाज आल्यावर थांबलो. नव्यानं रेघ मारली. आसपास चालवून आणल्यावर रेघ केसभर सरकली होती, पुन्हा हवेत घेऊन आवळलं. त्यानंतर लफबरोपर्यंत जाऊन आलो आणि रेघ जागेवर आहे. टिक-टिक गेली.

एडिसनकर

उत्तम! पहिली केसभर हालचाल अपेक्षितच. चाक बसवल्यावर पहिल्या पंचवीस-पन्नास मैलांत एकदा बघायचंच. त्यानंतर तेलपाणी बघताना रेघेवर नजर टाकायची सवय ठेवा.

तो हलका आवाज पुन्हा आला तर दात्यांबरोबर स्पोकही बघा. सैल स्पोकचाही टिक-टिक आवाज येतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यानं एकेक स्पोक वाजवत जा, ताणलेला किणकिणतो, सैल असेल तो बद्द वाजतो.

बोरीबंदर

माळरान, उरलेल्या तीन चाकांचं काय? तिथे रंग नाही म्हणालात, पण आधीच्या मालकानं दात्यांना ग्रीस लावलं होतं का?

माळरान (लेस्टर)

दोन कोरडी निघाली, एकात जुनं घट्ट झालेलं ग्रीस. तिन्ही काढून साफ करतोय. पुढच्या उजव्या चाकाचा उतार मात्र बाकीच्यांपेक्षा चमकदार आणि खोल झिजलेला दिसतो, आणि मातीच्या चाचणीत तिथे नट आणि हबच्या टोकात फार थोडी जागा राहते. फोटो टाकतोय. लेथवाला, कोव्हेंट्रीकर, हे चाक ठेवू की बदलू?

लेथवाला (कोल्हापूर)

फोटो पाहिला. बदला. तो उतार अजून थोडा जरी झिजला तर नट हबवर टेकेल. तोवर ते चाक गाडीवर नको, स्टेपनीचं चाक ब्ल्यू लावून तपासा आणि तेच पुढे उजवीकडे लावा.

कोव्हेंट्रीकर

हेच. आणि झिजलेलं चाक स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, रात्री पावसात पंक्चर झाल्यावर ते लावायची वेळ येईल. नवं चाक आलं की उतारावर रंग आहे का ते टायर चढवण्याआधीच बघा, असेल तर परत पाठवता येतं.